चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ

पेट्री डिशमधल्या आगारवर जिवाणूंचं पीक एका रात्रीत उभं राहतं. सकाळी इनक्युबेटरमधून डिश काढून उजेडासमोर धरली, की दुधावर नुकती साय धरावी तसा पातळ, धुरकट थर सगळीकडे पसरलेला दिसतो. त्या थरात आदल्या दिवशी चिमट्यानं ठेवलेल्या, औषध मुरवलेल्या कागदाच्या गोल चकत्या असतात, प्रत्येकीचा व्यास ६ मिलिमीटर. काही चकत्यांच्या अगदी कडेपर्यंत जिवाणू येऊन भिडलेले असतात. काहींच्या भोवती मात्र आगार पहिल्यासारखाच नितळ राहिलेला असतो. या नितळ वर्तुळाला प्रयोगशाळेत ‘झोन’ म्हणतात. प्रकल्पांच्या दिवसांत मायक्रोबायॉलॉजीच्या विभागात सकाळी पहिला प्रश्न ऐकू येतो तो हाच : ‘झोन आला का?’

होमिओपॅथीची औषधंही या चकत्यांवर चढली आहेत. कॅलेंड्युला, थुजा, हायड्रास्टिस, बर्बेरिस, एकिनेशिया यांची मदर टिंक्चर आणि त्यांच्यापासून केलेल्या पोटन्सी स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय, स्युडोमोनास अशा उपद्रवी जिवाणूंसमोर ठेवून पाहण्याचे प्रयोग भारतात आणि भारताबाहेर पुष्कळ झाले. विद्यार्थ्यांना हा विषय सोयीचा वाटतो; औषध दुकानात सहज मिळतं आणि प्रयोग दोन दिवसांत उरकतो. पण वर्तुळ दिसणं आणि त्याचा अर्थ लागणं यांत फार अंतर आहे. या विषयातलं खरं नवल मला त्या अंतरात दिसतं. एकट्या झोनवरून काहीच ठरत नाही, शेजारच्या चकत्या पाहाव्या लागतात.

आधी ही डिश कशी आली ते पाहू. रॉबर्ट कॉख बर्लिनमध्ये जिवाणू वाढवत होते तेव्हा जिलेटिनच्या थरावर त्यांच्या वसाहती छान दिसत. अडचण अशी, की माणसाच्या शरीरातले जिवाणू ३७ अंश सेल्सिअसला उत्तम वाढतात आणि त्या उष्णतेत जिलेटिन पातळ होऊन जातं. शिवाय काही जिवाणू जिलेटिनच पचवून टाकतात. उत्तर स्वयंपाकघरातून आलं. कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे घरी जेलीत आगार घालत. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. समुद्री शेवाळापासून काढलेला हा पदार्थ आपल्याकडे चायना ग्रास या नावानं वाण्याकडे मिळतो. तो साधारण ८५ अंशांना वितळतो आणि ४०च्या खाली आल्यावरच घट्ट होतो, त्यामुळे इनक्युबेटरमध्ये रात्रभर राहूनही जागचा हलत नाही. १८८२ साली क्षयाच्या जिवाणूवरच्या निबंधात कॉख यांनी आगारचा उल्लेख केला, पण हेसे दांपत्याचं नाव घेतलं नाही. १८८७मध्ये कॉख यांचे सहायक रिचर्ड पेट्री यांनी झाकणाची उथळ काचेची थाळी वापरात आणली आणि त्यांचं नाव कायमचं तिला चिकटलं. मायक्रोबायॉलॉजीच्या पहिल्या तासाला फॅनी हेसे यांचंही नाव घेतलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

चकत्यांच्या चाचणीसाठी जो आगार जगभर वापरतात तो म्युलर-हिंटन आगार. हार्वर्डमध्ये जॉन हॉवर्ड म्युलर आणि जेन हिंटन यांनी तो १९४१ साली तयार केला, तोही गनोरिया आणि मेंदूज्वराचे नाजूक जिवाणू वाढवण्यासाठी. जेन हिंटन या कृष्णवर्णीय तरुणी पुढे पशुवैद्य झाल्या. १९६६मध्ये बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क या चौघांनी सिएटलमध्ये चकत्यांच्या चाचणीला शिस्त लावली. आगारची जाडी ४ मिलिमीटर. जिवाणूंचं द्रावण ठरावीक गढूळपणाचं. तो गढूळपणा बेरियम सल्फेटच्या एका नमुना-नळीशी ताडून पाहतात, ०.५ मॅकफार्लंड म्हणतात तो हाच, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये सुमारे १५ कोटी जिवाणू. कापसाचा निर्जंतुक बोळा त्यात बुडवायचा, नळीच्या कडेला दाबून जास्तीचं पाणी काढायचं आणि डिश दोनदा थोडी थोडी फिरवत तीन दिशांनी सारवायचं. मग १५ मिनिटांच्या आत चकत्या ठेवायच्या आणि डिश ३५ अंशांना १६ ते १८ तास उलटी ठेवायची. यातली एकही अट उगाच घातलेली नाही. आगार जाड ओतला तर औषध खालीही झिरपतं आणि झोन आकसतो. जिवाणू विरळ पडले तर झोन फुगतो.

म्हणूनच रोज एक ओळखीचा जिवाणू घेऊन आपलीच पद्धत तपासतात. ई. कोलायचा एटीसीसी २५९२२ हा वाण आणि जेंटामायसिनची १० मायक्रोग्रॅमची चकती समोरासमोर आली, की झोन १९ ते २६ मिलिमीटरच्या दरम्यानच यायला हवा. तसा आला नाही तर त्या दिवशीच्या सगळ्या डिश बाद. असे खात्रीचे वाण जपणाऱ्या संस्था असतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असा मोठा संग्रह आहे.

आता औषधाकडे. मदर टिंक्चर म्हणजे वनस्पतीचा अल्कोहोल आणि पाणी यांत काढलेला अर्क. त्यात वनस्पतीची रसायनं भरपूर असतात. रंग, वास, चव सगळं जाणवतं. त्याचा १ भाग ९९ भाग अल्कोहोलमिश्रित पाण्यात घालून बाटलीला ठरावीक ठोके दिले की १सी पोटन्सी. त्यातला १ भाग पुन्हा ९९ भागांत, की २सी. दहाच्या पटीनं विरळ केलं तर एक्स पोटन्सी. म्हणजे ३एक्समध्ये मूळ पदार्थ हजारात एक भाग उरतो आणि ६एक्समध्ये दहा लाखांत एक. १२सीला हे प्रमाण १ वर २४ शून्यं इतक्या भागांत एक एवढं उतरतं. कोणत्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये साधारण ६ वर २३ शून्यं इतके रेणू असतात, त्यामुळे १२सीच्या आसपास मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यताच संपत येते. दुकानात सर्रास मिळणाऱ्या ३०सीला १ वर ६० शून्यं. त्या प्रमाणात मूळ पदार्थाचा फक्त एक रेणू राहावा म्हणून किती पाणी लागेल याचा हिशेब केला, तर त्या पाण्याचं वजन सुमारे १५ हजार सूर्यांएवढं भरतं.

होमिओपॅथीचे जनक सॅम्युएल हानेमान यांना हा हिशेब करता येणं शक्य नव्हतं. त्यांचा जन्म १७५५चा, जर्मनीतल्या माइसेनचा. १७९०मध्ये एका वैद्यकीय ग्रंथाचं भाषांतर करताना त्यांनी सिंकोनाची साल स्वतः घेऊन पाहिली आणि तिथून त्यांच्या विचाराला सुरुवात झाली. ‘ऑर्गनॉन’ १८१०चा. १८४३मध्ये पॅरिसला ते वारले आणि रेणू किती लहान असतो याचा पहिला नेटका अंदाज योहान लोश्मिट यांनी १८६५ साली मांडला. पण या माणसाची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १८३१मध्ये युरोपात पटकीची साथ आली तेव्हा हानेमान यांनी लिहिलं, की हा रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म जिवंत प्राण्यांमुळे पसरत असावा. कॉख यांनी इजिप्त आणि कलकत्त्यात पटकीचा जिवाणू पक्का करायला त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षं गेली. आणि हानेमान यांनी त्या साथीत सांगितलेलं औषध होतं कापूर, तोही अल्कोहोलमध्ये विरघळवलेला, चांगला तीव्र, थोड्या थोड्या वेळानं द्यायचा. विरळ करत नेलेली पोटन्सी त्यांनी इथे सांगितली नव्हती. जिवाणूशी सामना आहे असं वाटल्यावर त्यांनी भरीव मात्रेचं औषध उचललं, ही नोंद मला फार मोलाची वाटते.

भारतात होमिओपॅथी रुजवणाऱ्यांत कलकत्त्याचे महेंद्रलाल सरकार हे मोठं नाव. एम.डी. झालेले हे डॉक्टर १८६७ साली जाहीरपणे होमिओपॅथीकडे वळले. पण १८७६मध्ये त्यांनी जी संस्था काढली ती होमिओपॅथीची नव्हती. इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही भारतीयांनी भारतीयांसाठी उभारलेली प्रयोगशाळा होती आणि तिथेच १९२८ साली सी. व्ही. रामन यांना त्यांच्या नावाचा परिणाम सापडला. प्रयोग करून पाहावं ही महेंद्रलालांची निष्ठा त्यांच्या उपचारपद्धतीपेक्षा मोठी होती.

पुन्हा डिशपाशी येऊ. मदर टिंक्चरच्या चकतीभोवती झोन आला तर त्यात आश्चर्य वाटायचं कारण नाही. लसूण घ्या. तिच्यातलं ॲलिसिन हे जिवाणूनाशक द्रव्य कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी १९४४मध्ये वेगळं काढलं. बर्बेरिस आणि हायड्रास्टिस यांच्यात बर्बेरिन आहे. आपल्या दारुहळदीचा पिवळेपणा त्याचाच आणि डोळ्यांसाठी वापरलं जाणारं रसांजनही तिचंच. वनस्पती जमिनीत उभ्या असतात, पळू शकत नाहीत, त्यामुळे बुरशी आणि जिवाणूंना दूर ठेवणारी रसायनं त्यांनी स्वतःच घडवली आहेत. मदर टिंक्चरचा झोन हा त्या रसायनांचा झोन. तो होमिओपॅथीच्या तत्त्वाचा पुरावा ठरत नाही, कारण इथे पदार्थ भरपूर आहे आणि अजून काहीच विरळ केलेलं नाही.

स्टॅफिलोकोकससमोर झोन देणारा अर्क ई. कोलायसमोर बहुधा निष्प्रभ ठरतो, हेही नेहमी दिसतं. ई. कोलाय हा ग्रॅम-निगेटिव्ह. त्याच्या पेशीभित्तीबाहेर आणखी एक स्निग्ध पटल असतं आणि वनस्पतींची पुष्कळशी द्रव्यं तिथेच अडतात. स्युडोमोनास तर त्याहून चिवट.

खरी कसोटी लागते ती अल्कोहोलपाशी. मदर टिंक्चरच्या बाटलीचं लेबल वाचलं तर अल्कोहोलचं प्रमाण छापलेलं असतं, आणि पोटन्सीच्या बाटलीवर ते बहुधा ९० टक्क्यांच्या घरात असतं. ६० ते ९० टक्के अल्कोहोल जिवाणूंची प्रथिनं गोठवतो, पटलं फोडतो. हात पुसायचं सॅनिटायझर त्यावरच चालतं. आता आगारमध्ये कॉर्क बोररनं छोटा खड्डा पाडून त्यात अशा पोटन्सीचे १०० मायक्रोलिटर ओतले, तर भोवती जे वर्तुळ येईल ते औषधाचं की अल्कोहोलचं? हे कळण्याचा एकच रस्ता आहे. त्याच डिशमध्ये, त्याच मापाच्या खड्ड्यात, तितक्याच टक्क्यांचा नुसता अल्कोहोल ओतायचा. दोन्ही वर्तुळं सारखी आली तर पोटन्सीच्या नावावर काही उरत नाही. ज्या प्रयोगात हा शेजारचा खड्डा नाही, त्याचे आकडे कितीही देखणे असोत, मी ते वाचून बाजूला ठेवते. कागदी चकतीवर औषध पूर्ण वाळवून घेतलं तर अल्कोहोल उडून जातो आणि प्रश्न बराच सुटतो. पण मग वाळवलेल्या अल्कोहोलची चकतीही शेजारी हवीच.

याहून बारीक चाचणी ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत होते. आडव्या ८ ओळी, उभे १२ रकाने. पहिल्या खळग्यात औषध, पुढच्यात निम्मं, त्याच्या पुढच्यात त्याच्या निम्मं. सगळ्यांत सारखेच जिवाणू आणि सारखंच पोषक द्रव. रात्र गेल्यावर प्रत्येक खळग्यात रेझाझुरिनचा निळा थेंब टाकायचा. जिवाणू जिवंत असतील तर निळ्याचा गुलाबी होतो; वाढ थांबली असेल तिथे निळाच राहतो. ओळीतला शेवटचा निळा खळगा म्हणजे वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा. शेजारच्या ओळीत नुसता अल्कोहोल असाच निम्मा निम्मा करत जातो. टिंक्चरमध्ये ६० टक्के अल्कोहोल असेल तर पहिले खळगे ३०, १५, साडेसात टक्क्यांचे. १० टक्क्यांच्या आसपासचा अल्कोहोलही पुष्कळ जिवाणूंची वाढ अडवतो. अल्कोहोलची ओळ गुलाबी झाल्यावरही टिंक्चरची ओळ पुढे निळीच राहिली, तर तेवढ्या पल्ल्यात वनस्पती काम करते आहे असं छातीठोकपणे म्हणता येतं. हा क्षण प्रत्यक्ष पाहण्यासारखा असतो.

झोनच्या मिलिमीटरांची तुलना करण्याचा मोह मात्र टाळायला हवा. ‘अँटिबायोटिकचा झोन २२, आमच्या टिंक्चरचा १६, म्हणजे फार मागे नाही’ असं वाक्य प्रकल्प अहवालांत हमखास सापडतं. झोनची कडा ठरते ती शर्यतीनं : औषध आगारमधून बाहेर पसरत असतं आणि तेवढ्याच वेळात जिवाणू वाढत असतात. रेणू मोठा असेल तर तो हळू सरकतो. व्हॅन्कोमायसिन हे एमआरएसए या, नेहमीच्या अँटिबायोटिकना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसवरचं महत्त्वाचं औषध, पण रेणू अवजड असल्यामुळे त्याचा झोन लहानच पडतो. कॉलिस्टिन तर इतकं कमी पसरतं, की त्याचा चकतीवरचा निकाल भरवशाचा धरत नाहीत. अँटिबायोटिकच्या झोनचा अर्थ लावण्यासाठी रुग्णांच्या अनुभवाशी जोडलेली कोष्टकं आहेत. टिंक्चरसाठी तशी कोष्टकं नाहीत.

आणि मोजणारा माणूसही तपासावा लागतो. झोनची कडा पुसट असते, टिंक्चरच्या तपकिरी रंगानं आणखी पुसट होते आणि पट्टी धरणाऱ्या हाताला काय हवंय ते माहीत असतं. म्हणून बाटल्यांना सांकेतिक क्रमांक द्यायचे आणि यादी तिसऱ्याकडे ठेवायची. याचं गाजलेलं उदाहरण जिवाणूंचं नाही, माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींचं आहे. जून १९८८मध्ये ‘नेचर’नं फ्रान्सच्या जाक बाँव्हनिस्त यांचा निबंध छापला. प्रतिपिंडाचं द्रावण एकही रेणू उरणार नाही इतकं विरळ केलं तरी पेशी प्रतिसाद देतात, असा त्यांचा दावा होता. जुलैमध्ये संपादक जॉन मॅडॉक्स, शास्त्रज्ञ वॉल्टर स्ट्युअर्ट आणि जादूगार जेम्स रँडी पॅरिसजवळच्या क्लामार येथील त्या प्रयोगशाळेत जाऊन थडकले. उघडपणे केलेल्या चाचण्यांत परिणाम दिसला. मग नळ्यांना संकेतांक दिले, यादी पाकिटात बंद करून सर्वांच्या डोळ्यांदेखत छताला चिकटवली. पाकीट उघडल्यावर विरळ द्रावण आणि साधं द्रावण यांत फरक उरला नव्हता. बाँव्हनिस्त यांनी हा निष्कर्ष शेवटपर्यंत मानला नाही. पण छताला चिकटवलेल्या त्या पाकिटाचं महत्त्व प्रत्येक प्रयोगशाळेनं मानावं.

२०१० साली मुंबईच्या आयआयटीतून वेगळीच बातमी आली. प्रशांत चिक्रमाने, जयेश बेल्लारे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं, चांदी, तांबं, जस्त, कथील, प्लॅटिनम यांच्यापासून बनवलेली बाजारातली होमिओपॅथिक औषधं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि २००सीपर्यंतच्या पोटन्सीतही धातूचे अतिसूक्ष्म कण दिसल्याचं नोंदवलं. ठोके देताना कण बुडबुड्यांना चिकटून वर येत असावेत आणि वरचा थर पुढच्या बाटलीत जात असावा, असं त्यांचं स्पष्टीकरण. ही निरीक्षणं रंजक आहेत. पण जिवाणू मारण्याच्या दृष्टीनं तिथे सापडलेलं प्रमाण फारच तोकडं. चांदी जिवाणूंना खरोखर मारते. १८८०च्या सुमारास लाइपझिगच्या कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत २ टक्के सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली आणि गनोरियाच्या जिवाणूमुळे येणारं अंधत्व झपाट्यानं घटलं. मात्र त्यासाठी चांदी मिलिलिटरला मायक्रोग्रॅमच्या हिशेबात लागते. पोटन्सीत आढळलेली मात्रा पिकोग्रॅमच्या हिशेबात होती, म्हणजे लाखो पटींनी कमी.

डिशमध्ये जिवाणू मेला म्हणून रुग्ण बरा होतो असंही नाही. सॅनिटायझरचा झोन भला मोठा येतो, पण ते कोणी पीत नाही. औषध पोटातून रक्तात जायला हवं, यकृतातून टिकून पुढे यायला हवं, फुप्फुसात किंवा मूत्रमार्गात पुरेशा मात्रेनं पोचायला हवं आणि आपल्या पेशींना सोडून जिवाणूलाच मारायला हवं. दहा थेंब मदर टिंक्चर अर्ध्या कप पाण्यात घेतल्यावर रक्तात जे उरेल ते डिशमधल्या मात्रेच्या जवळपासही नसतं. न्यूमोनिया, टायफॉइड, क्षय, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग अशा आजारांत झोनचं छायाचित्र दाखवून कोणी अँटिबायोटिक थांबवायला सांगत असेल, तर ते ऐकू नये. तिथे दिवस वाया गेले तर जीव जातो. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी थेट घेतलेले बळी जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार होते, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज आहे. नवी औषधं शोधण्याची निकड त्यातूनच येते आणि वनस्पतींचे अर्क तपासणं त्या शोधाचा रास्त भाग आहे.

त्या शोधातली सर्वांत विलक्षण गोष्ट बर्बेरिनची. स्टॅफिलोकोकसच्या पटलात नॉर-ए नावाचा एक प्रथिनांचा पंप असतो. बर्बेरिन आत शिरलं, की हा पंप ते उचलून बाहेर टाकतो. म्हणून शुद्ध बर्बेरिनचा मारा अपेक्षेपेक्षा फिका पडतो. २००० साली अमेरिकेत फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बर्बेरिसच्या झुडपांत बर्बेरिनच्या जोडीला आणखी एक द्रव्य सापडलं : ५'-मेथॉक्सिहिडनोकार्पिन. ते नॉर-ए पंप अडवतं. पंप बंद पडला, की बर्बेरिन पेशीत साठत जातं आणि जिवाणूची वाढ थांबते. हे द्रव्य आधी माहीत होतं ते कुष्ठरोगावरच्या जुन्या चालमोगरा तेलातला एक किरकोळ घटक म्हणून. त्या कुळातलं झाड आपल्या कोकणात आणि गोव्यातही आहे, कडू कवठ.

या द्रव्याची एकट्याची चकती केली तर तिच्याभोवती झोन येत नाही, कारण ते स्वतः जिवाणूला मारतच नाही. झोन न देणारा प्रत्येक अंश टाकून द्यायचा, या नेहमीच्या रीतीनं ते केव्हाच निसटलं असतं. आता अशा जोड्या शोधण्यासाठी त्याच ९६ खळग्यांच्या ताटलीत एक द्रव्य डावीकडून उजवीकडे विरळ करत नेतात, दुसरं वरून खाली, आणि कोणत्या खळग्यात दोघं मिळून जिवाणू रोखतात ते पाहतात.